समर्थ काय म्हणाला

रत्नागिरी,
भाऊबिजेनंतरचा दुसरा बुधवार

तीर्थस्वरूप मथुराताईस, धाकट्या हरिश्चंद्राचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुमच्या वाशिष्ठी नदीचं पाणी ही तिन्ही आपापल्या पातळीवर आहेत असं धरून चालतो. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तुला ऐकू जावं म्हणून मी जे बोलतो ते आधी आमच्या आळीला कळतं, आणि हा मजकूर तुझ्या भावजयीच्या, बकुळेच्या कानावर जाता कामा नये. सोमवारी तुझ्या निलेशच्या हाती आलेला चकल्यांचा डबा पोचला. अकरा खाल्ल्या. ताई, राग मानू नकोस, पण चाळीस वर्षं तुझ्या चकल्या मी चहात बुडवून आणि देवाचं नाव घेऊन खात आलोय. या खेपेच्या तोंडात टाकताच विरघळल्या. ही विद्या कुठून मिळवलीस ते सवडीने कळव.

आता मुख्य हकीकत. बकुळेच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या तोंडावर झालं हे तू भाऊबिजेला येऊन पाहून गेलीसच. (म्हणूनच फराळ विकतचा होता, आणि त्यावर तू जे बोललीस ते तिने मनाला लावून घेतलेलं नाही, असं ती दिवसातून दोनदा सांगते.) डॉक्टरांनी तीन आठवडे वाचन बंद केलं. तुला ठाऊक आहे, तिला जेवण नसलं तरी चालतं, पण ग्रंथालयाची दिवाळी अंकांची योजना चुकलेली चालत नाही. तेव्हा दुपारी जेवणानंतर मी मोठ्याने वाचायचं आणि तिने काळा चष्मा लावून ऐकायचं असं ठरलं. मी बंदर खात्यात चौतीस वर्षं टिपणं वाचली. प्रेमकथा वाचून दाखवायची म्हणजे काय संकट, ते तुला काय सांगू. पहिल्या दिवशी दार लावून घेतलं होतं.

अंकात एक संपूर्ण कादंबरी होती, 'चौथ्या पायरीवरची पणती'. अक्षया नावाची पुण्यात नोकरी करणारी मुलगी बारा वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत गावच्या बंद घरी येते, तर दारात आकाशकंदील लागलेला. शेजारचा समर्थ दरवर्षी गुपचूप तो लावत असतो. बोलत मात्र काही नाही. वसुबारस जाते, धनत्रयोदशी जाते, हा बाबा नुसता बांबूच्या काड्या तासतोय. मी म्हटलं, असल्या माणसाची कथा रोज दुपारी कशाला ऐकायची? पण वाचनाच्या दुसऱ्या दिवशी, गोष्टीतल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे अक्षयाने त्याच्या ओट्यावर उटण्याची वाटी ठेवली, आणि ताई, मला वाचन थांबवून पाणी प्यावं लागलं. (बकुळेला सांगितलं, चिवड्यातली मिरची लागली.) तिसऱ्या दिवसापासून मी दार लावायचं विसरलो. पाचव्या दिवशी केरू मासेवाला हाक मारून मारून निघून गेला आणि आम्ही पिठलं खाल्लं. मी उघडच कबूल करतो, मला ती गोष्ट फार आवडली. एवढं सुख मला निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

आणि मग शेवट आला. तुळशीचं लग्न झालंय, अक्षया पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभी आहे, गाडी लागलेली आहे. समर्थ धावत येतो, हातातला कंदील खाली ठेवतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो. काय म्हणतो? पुढचं पान नाही. शिलाईपाशी सुबक फाडलेलं. (मी कागद कधीच पुढचे उलटून बघत नाही, सरकारी सवय.) काळा चष्मा माझ्याकडे वळून बसलेला. पान नाही असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. नऊ दुपारी ती या एका वाक्यासाठी थांबली होती. घसा बसला म्हणालो आणि उठलो.

पण मी ठरवलं, शेवट आणल्याशिवाय राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात. तिथल्या मनिषाबाई म्हणाल्या, प्रत एकच आहे आणि त्यांनी ती वाचलेली नाही. आमच्या आधी अंक माळनाक्याच्या अनिल मास्तरांकडे होता. रिक्षा करून तिथे गेलो आणि पान फाडल्याचा आरोप दारातच ठेवला. मास्तर शांतपणे म्हणाले, मी फक्त राशिभविष्य वाचतो आणि अंक परत करतो. वर माझी रास विचारून हा आठवडा प्रवासाला वाईट असल्याचं सांगितलं. बाजारातल्या दुकानात अंक संपलेला. शेवटी हात हलवत घरी आलो आणि दुपारी शेवट स्वतःच रचून वाचायला बसलो. समर्थ म्हणाला, "आपला निर्णय शक्य तितक्या लवकर कळवावा, म्हणजे पुढील व्यवस्था करता येईल." बकुळा म्हणाली, "हा समर्थ बंदर ऑफिसात होता काय? काहीतरी खोटं वाचताय हां तुम्ही. उद्या नीट वाचा."

तो उद्या मी दोन दिवस लांबवला. काल पुन्हा बसलो. काहीच सुचत नव्हतं, म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो. आमचा कंदील या वर्षी खिडकीच्या खिळ्याला लावलाय ते तू पाहिलंस. (पोस्टमनचं डोकं आजवर तीनदा आपटलं.) दरवर्षी तो वर वाशाला लागतो, मी स्टुलावर आणि बकुळा स्टूल धरून. या वर्षी तिला वाकायला बंदी. मी अंक डोळ्यांपुढे धरला आणि तोंडाला येईल ते वाचत गेलो. समर्थ म्हणाला, "जाऊ नकोस असं म्हणायला मला जमत नाही. मला कंदील लावायला जमतं. पण उंचावर चढायची मला पहिल्यापासून भीती वाटते, ते कोणाला सांगितलेलं नाही. खाली तू धरून उभी असलीस की वाटत नाही." एवढं वाचून अंक मिटला. बकुळेने चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाली, "हे मात्र छापलेलंच असणार. तुम्हाला असलं सुचायचं नाय." आणि चहा टाकायला गेली.

असो. भाऊजींना नमस्कार, निलेशला आशीर्वाद. तुळशीपाशी तुझी आठवण काढली होती.

तुझा,
हरी

ता. क. १ : आता खरं काम. अंकाच्या अनुक्रमणिकेत पान १८७ वर कादंबरी संपते आणि त्याच कागदाच्या मागे पान १८८ वर 'घरच्या घरी खुसखुशीत चकली' आहे. भाऊबिजेला मी आणि भाऊजी ओटीवर बसलो होतो आणि अंक माजघरात तुझ्याजवळ होता. मी कोणावर आरोप करत नाही. (अनिल मास्तरांवर केला तेवढा पुरे.) कृती उतरून घे आणि पान निलेशच्या हाती पाठव. येत्या सोमवारी डॉक्टर वाचायला परवानगी देणार आहेत आणि बकुळा म्हणते, पहिलं ते पान मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार. मात्र आधी समर्थ काय म्हणाला ते बघ. त्यात शिडीचं, स्टुलाचं किंवा भीतीचं काही नसेल, तर पान तुझ्याकडून हरवलं असं समज.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बकुळा मागे येऊन उभी राहिली. कोणाला लिहिताय हेही विचारलं नाही. म्हणाली, "वन्संना सांगा, पान राहू दे त्यांच्याकडेच. फाडताना मी बघितलंय. माझा उजवा डोळा बांधलेला होता, डावा नाय." म्हणजे दोन्ही दुपारी तिला ठाऊक होतं, ताई, की माझ्या हातात शेवटचं पान नाही. जाता जाता म्हणाली, पुढच्या वर्षी कंदील वर लावा, मी स्टूल धरते.

ता. क. ३ : पान तरीही पाठव, पण माझ्या नावाने, ग्रंथालयाच्या पत्त्यावर. समर्थ काय म्हणाला ते मला अजून माहीत नाही.