फाउस्तिनोचा घोटा

९ डिसेंबर
डोंगरवाल्या संघाच्या पिचरनं, फाउस्तिनोनं, आजच्या बेसबॉल सामन्यात आमच्या हेनारोच्या तोंडावर चेंडू मारला! पुढची पाळी माझी, बॅट घेऊन जवळच उभा होतो — जबडा मोडल्याचा आवाज ऐकला. दात मातीत! आम्ही सगळेच मैदानात घुसलो. हाताला लागेल त्याला मी हाणलं. फाउस्तिनो बोंबलत होता, "सटकला रे! आईशपथ, हातातून सटकला!" सटकला म्हणे. भामटा!

१० डिसेंबर
हेनारोचा जबडा तारेनं बांधलाय. नळीनं सूप पितो. मी सोडणार नाही.

१४ डिसेंबर
सामना त्यांच्या गावात. मी मैदानाच्या डाव्या टोकाला, प्रेक्षक पाठीशीच. बाटल्या आल्या, मग बॅटरीचे सेल. एक कानामागे बसला, रक्त सदऱ्यात उतरलं. वर एक बाई ओरडते, "थेरड्या, घरी जा, नातवंडं सांभाळ!" भिंतीवर आदळून झेल घेतला तर त्यावरही हसली.

पस्तिशी उलटली, खरंय. अमेरिकेतल्या संघानं ऑगस्टमध्ये हाकललं. तिथली खेळाडू हेरणारी माणसं आता जानेवारीत, शेवटच्या फेरीला येतील. त्यांना दिसलो नाही तर माझा खेळ संपला.

१७ डिसेंबर
केलं! चेंडू हलकेच पहिल्या बेसकडे टेकवला. अशा वेळी बेसवर बहुतेकदा चेंडू फेकणाऱ्या पिचरलाच धावत यावं लागतं. आला. धावत जाऊन बुटाचे खिळे फाउस्तिनोच्या घोट्यावर रोवले. कटकन! गुरासारखा ओरडला. आमचे प्रशिक्षक चुचो म्हणाले, "शाब्बास, एलिहिओ!"

घरी बायकोनं, मिरेयानं, ताटलीत मांगू, केळ्यांचा लगदा, आपटला. "त्याच्याही घरी बायको असेल ना?" असेल. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं!

२३ डिसेंबर
मला बाहेर बसवलं आणि आमचा संघ स्पर्धेतून बाद. आता पुढे गेलेले संघ आमच्यातले खेळाडू निवडून घेणार. मला कोण घेतंय? मेहुणा म्हणतो, "माझ्या गॅरेजात कामाला ये." बॅट भिंतीवर आपटून मोडली.

२७ डिसेंबर
डोंगरवाल्यांनी घेतलं मला. डोंगरवाल्यांनी!

त्यांच्या खोलीत शिरलो. फाउस्तिनो कुबड्या टेकत आला. मी मुठी आवळल्या. "तुझं नाव मीच सुचवलं," म्हणाला. "आम्हाला जिंकायचंय. आता तू आमचा. उद्या तुला कुणी चेंडू मारला, तर ही सगळी पोरं तुझ्यासाठी धावून येतील. मला तेवढं जमणार नाही."