लाल दांड्यावरचा धागा

३ ऑक्टो., शुक्र.
नागपूरहून सकाळी परत. पाय सुजलेत, मन भरलंय. काल मी दीक्षाभूमीवर आणि इथं ब्रह्मपुरीत कॉलनीचा दसरा. शस्त्रपूजेत यंदा सगळ्यांनी मिळून घेतलेलं, फांद्या आत ओढून चिरणारं मशीनही मांडलं. हळदकुंकू, झेंडू, ठीक. पण तोंडावरच्या लाल दांड्याला बोरकरवहिनींनी पूजेचा धागा गुंडाळून गुंडाळून पार आवळलाय. दांडा ढकलला की मशीन थांबतं. आता तो ढकलताच येत नाही.

५ ऑक्टो., रवि.
माळी मारोती खूश. आधी मोठी फांदी लोटताना त्याचं पोट दांड्याला लागायचं, मशीन थांबायचं. "पूजा झाली तवापासून मधात बंदच नाई पडत, बाई." म्हणे देवीची कृपा. आयटीआयत मी जन्मभर मशीनची सुरक्षा शिकवली, ती गेली चुलीत. धागा काढ म्हटलं तर म्हणतो, "मी कापला तं मले कामावरून काढतीन." काढतीलही.

७ ऑक्टो.
वहिनींच्या यजमानांकडे, कॉलनीचे अध्यक्ष बोरकरांकडे गेले. चहा झाला. दांडा कशासाठी असतो ते समजावलं. ते हसले. धागा आपोआप तुटू द्यायचा असतो म्हणे. मग सावकाश, "तुमच्यात हे चालत नाई, मालूम हाये मले. पण आमच्या धाग्याले हात नका लावू."
यांचा मिक्सर बिघडला की मीच उघडते. तेव्हा तुमच्यात-आमच्यात नसतं.

१२ ऑक्टो., रवि.
दिवाळीची साफसफाई. बोगनवेलीचा ढीग. मारोतीच्या गळ्यातला दुपट्टा काट्यांत अडकला, फांदीबरोबर आत जायला लागला. मी गेटपासून ओरडत धावले. तो दांड्यावर बुक्क्या मारतोय, दांडा हलेना. दुपट्टा जुना होता, फाटला म्हणून मान सुटली. गळाभर लाल वळ.

संध्या. : वहिनींनी मशीनपुढं नारळ फोडला. धाग्यानं वाचवलं म्हणतात. आणखी एक बांधला.

१३ ऑक्टो.
सकाळी तारेचा कटर घेऊन निघाले. ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. मशीनच्या शेडच्या दारात मारोती, मानेला हळद लावून. मी पुढं झाले तर आडवा आला. रागानं नाही, हात जोडून.
"धाग्यानंच वाचलो, बाई. राहू द्या."
ज्याच्या मानेसाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं, तोच. संताप आला, रडूही. एवढंच म्हटलं, निदान रविवारी मशीन चालवताना दुपट्टा घालू नको. पाहू म्हणाला.
त्याला ढकलून धागा कापायला हवा होता का? कापला असता तर कॉलनीत मी कायमची 'त्यांचा धागा तोडणारी' ठरले असते, तेही माहीत आहे.
शेडची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. बोरकरांनी ती अजून मागितलेली नाही.