काशानच्या तूरानची भट्टी, घर आणि एक वाडगा

दयाळू अल्लाचे नाव घेऊन मी तूरान, नेशापूरचे कुंभार मेहरान यांची मुलगी, राहणार काशान, धंदा झिलईच्या भांड्यांवर सोनेरी नक्षी काढण्याचा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. पती वारले, मूलबाळ नाही, रक्ताचे कोणी उरले नाही.

माझी भट्टी व कुंचले होमायला द्यावेत. होमाय माझी शागीर्द, उस्ताद फखर यांची मुलगी. फखरही याच धंद्यातले; त्यांनी भर बाजारात मी काढलेल्या मोराला घुबड म्हटले होते. ते मी माफ केलेले नाही, करणारही नाही. पण दर्ग्यासाठी रंगवलेल्या फरशा शेवटच्या भाजणीला आल्या आणि माझ्या भट्टीचे छत कोसळले, तेव्हा तेच दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुझी नक्षी मला काडीची आवडत नाही. पण माझी भट्टी रिकामी आहे. उचल फरशा."

"आणि फुटल्या तर?"

"तर तुझ्या शिव्या खाईन. आत्ताही खातोच आहे."

सोनेरी रंग धुरातच उतरतो, तो धूर नीट कोंडावा म्हणून ते स्वतः भट्टीच्या तोंडाशी बसले. फरशा निघाल्या, काजळी पुसली, खालून सोने लखलखले. फखर माझ्याआधी रडले. हे ते कुणाला सांगणार नाहीत, म्हणून इथे नोंदवते.

राहते घर विकू नये. शत्रूच्या स्वारीत नेशापूर उद्ध्वस्त झाले, त्यात माझी माणसे गेली, वाचाही गेली. भटकत मी याच घराच्या उंबऱ्याशी येऊन पडले. तेव्हा ते इथले कुंभार उस्ताद अबू नस्र यांचे होते. त्यांची बायको सित्ती शेजारणींवर ओरडली, "तिला काही विचारू नका गं! आधी जेवू दे."

किती तरी महिने मी मुकीच होते. एके दिवशी सित्तीने पांढऱ्या झिलईचा वाडगा आणि कुंचला माझ्यापुढे सरकवला. मी धाकट्या बहिणीचा चेहरा काढला.

"किती गोड! नाव काय गं हिचं?"

"परीदुख्त," मी म्हणाले. माझ्या तोंडून फुटलेला तो पहिला शब्द. सित्ती मला पोटाशी धरून बसून राहिली. पुढे त्या दोघांनी मला मुलगी मानले आणि हे घर दिले. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत, आणि फिटावेत असे मला वाटतही नाही.

घर होमायने सांभाळावे. सर्वस्व गमावून गावात आलेल्या कोणत्याही बाईला इथे जागा द्यावी. परीदुख्तचा वाडगा फडताळात जपून ठेवू नये. येणारीला पहिले जेवण त्यातच वाढावे. फुटला तर फुटला.

लिहिणारी व सही: तूरान
साक्षीदार: रशीद (हमामवाले) व इमादुद्दीन (मशिदीत अजान देणारे मुअज्जिन)
काशान, शाबान महिना, हिजरी सन ६६३