बाईंचे मासे आणि अक्काची कणीक

७ मे १९३७, धारवाड
बाईंची काचेची टाकी आज हातगाडीवरून आली. पाणी निम्मं सांडलं, मासे शाबूत. सहा, शेंदरी. बाई म्हणजे मुलींच्या हायस्कूलच्या सुपरिंटेंडेंट. सुट्टीत कारवारला बहिणीकडे चालल्या. म्हणाल्या, "चिटिकी साकु. चिमूटभर, दिवसातून एकदाच. मासे उपाशी मरत नाहीत गं, खाऊन मरतात."
जूनपासून शाळेत सृष्टिज्ञान शिकवायला कोणीतरी हवंय. माझा अर्ज बाईंकडेच आहे. त्याबद्दल चकार शब्द नाही. मासे मात्र दिले. मी याचा अर्थ चांगलाच लावते.

८ मे
टाकी पडवीत. अप्पा कोर्टात जाताना वाकून बघतात. "घरातली पहिली बी. ए., आणि काम मिळालं माशांचं!" म्हटलं, सुरुवात आहे.
अक्का टाकीपुढे हात जोडते. मत्स्यावतार! (अप्पांची थोरली बहीण, मला तिनेच वाढवलं.) माशांशी कानडीत बोलते, तेही अहोजाहो: "बर्री, ऊट माड्री." या, जेवा. मला आजवर कधी अहो म्हणाली नाही.

१३ मे
उद्या अळणावरला जायचं, मामेबहिणीचं लग्न. आम्ही सगळे. अक्का येत नाही. खरं म्हणजे विधवा म्हणून तिला नेतच नाहीत. याविषयी अप्पांशी एकदा बोलणार आहे. बोलणारच.
मासे तिच्यावर सोपवले. बाईंनी दिलेल्या डबीतली पूड कशाची, तिने विचारलं. खरं सांगितलं: वाळवलेले किडे.
"शिव शिव! सोवळ्यात मी किडे चारू?"
चमच्याने घाल, हात लागणार नाही. "बरं बाई." फार लवकर बरं म्हणाली.

१७ मे
परत आलो. टाकीतलं पाणी ताकासारखं. एक मासा मेलेला, बाकीचे वर येऊन तोंडं उघडताहेत. तळाशी पांढरा थर. कणीक!
"अक्का, हे काय?"
"गोळ्या घातल्या. नदीवर घालतात तशा. एकेका रामनामाला एक. नवस आहे माझा."
"किती घातल्यास?"
"रामाचं नाव का मोजून घ्यायचं?"
ओरडले तिच्यावर. मग आधी पाणी. मासे घागरीत काढले, टाकी घासली, आडाचं पाणी भरलं. त्यातच दुपार गेली.

१८ मे
पाचही पोहताहेत. अप्पांची युक्ती: "हुबळीला कमरीपेठेत असले मासे मिळतात म्हणे. एक आणून सोड. कुणाला कळतंय?"
नाही. मेला तो मेला. बाईंना सांगणार, नोकरी गेली तरी. (जाऊ नये.)
अक्का कालपासून जेवली नाही. जवळ जाऊन बसले. नवस माझ्या लग्नाचा असणार, ठाऊकच होतं, तरी विचारलं.
"लग्नाला नवस कशाला? ते तुझा बाप लावून देईलच. तुला मास्तरीण कर म्हणून केला."
काल मी हिच्यावर...

१९ मे
काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी घेतलं, अक्काच्याच हाताने त्यात गोळी टाकली. "आता बघत राहायचं." दर थोड्या वेळाने येऊन बघून जाते. माझी ही विद्यार्थिनी साठीची.

२० मे
पाणी गढूळ. "हुंग." हुंगलं, नाक मुरडलं. "नासलं की!" सांगितलं, मासे याच पाण्यात श्वास घेतात. तिने भांडं दूर सारलं. मग, "आणि मी त्यांना जेवा जेवा म्हणत होते."
नवस अर्धा राहिलाय. संध्याकाळी टांग्याने केळगेरीच्या तळ्यावर नेलं. तिथे पाणी अफाट, मासे पुष्कळ. अक्का पदर खोचून पायरीवर बसली. मन भरेपर्यंत एकेका नावाला एकेक गोळी सोडली, नवस पुरा झाला. येताना टांग्यात तिने करवंदं विकत घेऊन खाल्ली, रस्त्यात!

२१ मे
बाई आल्या. उन्हाने काळवंडलेल्या, खुशीत. टाकीत बघितलं. "ओंदु एल्लि?" एक कुठाय?
"माझ्या सांगण्यात कमी पडलं, बाई," एवढंच म्हणाले, तोवर अक्का स्वयंपाकघरातून बाहेर. "माझ्या हातून मेला. बसा, कसा मेला ते सांगते." आणि सांगितलं. गोळी, भांडं, वास, श्वास, सगळं कानडीत, क्रमवार. बाई तिलाच प्रश्न विचारत होत्या. एक उत्तर चुकलं; मी दुरुस्त करायला गेले तर बाई मला म्हणाल्या, "तू थांब. त्यांना विचार करू दे."
अक्काने केला. बरोबर आलं.
उंबऱ्यात चप्पल घालताना बाई म्हणाल्या, "सोमवारी शाळेत ये. टाकी घेऊन."
अप्पा म्हणतात, टाकी परत मागितली, संपलं. अक्का म्हणते, "तुला काय कळतंय रे!" मी विचारलं नाही. सोमवारी कळेल.
वर्गात मागच्या बाकांवरून दिसायला टाकी जरा उंचावर ठेवावी लागेल.