दोन सीटांची गाडी

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार

ठरलं. दुसरी गाडी घ्यायची. स्पोर्ट्स कार. सेकंडहँड चालेल, परवडली पाहिजे, पण चालवताना मजा आली पाहिजे.

जीप आहे. पण जीपला गाडी म्हणायचं तर गोधडीला शाल म्हणावं लागेल. नऊ माणसांची सोय, चौदा चढतात, आणि उतरताना एकजण तरी तंबाखूची पुडी सीटवर विसरतो. आमचा ड्रायव्हर रामकिसन ती बैलगाडीसारखी हाकतो, तोंडानं आवाजही तसेच काढतो. मागच्या महिन्यात पुण्यात सिग्नलला शेजारी एक बिनटपाची गाडी थांबली. आत एकटा माणूस. गॉगल. मागं कुणी खोकत नव्हतं. तेव्हाच मनात आलं, आपण चुकीच्या जिल्ह्यात जन्मलो.

सत्यभामेला सांगितलं. ती म्हणाली, "टँकर आठ-आठ दिस येईना, अन् तुमाला उघडी गाडी कावून पायजे?"

नियम: बायकोशी टेस्टवर चर्चा करायची नाही.

६ फेब्रुवारी

खरेदी-विक्री संघाच्या अध्यक्षाची निवड १२ मार्चला. अकरा संचालक, त्यात मी धरून सहा माझे. म्हणजे विषय संपलेला आहे. समोर मोहनराव. बोलायला उभा राहिला की आधी माईकला फुंकर मारतो. असल्या माणसाशी लढावं लागतं, हाच अपमान.

अध्यक्ष झालो की चारा छावणी आपल्या गावात. तसा शब्द सत्यभामेला दिलाय. तिचा जीव दोन गाईंत आणि महिन्याच्या कालवडीत अडकलेला. कडबा संपत आलाय. ती म्हणाली, "छावणी आणा, मंग इमान घ्या." विमानाचा विचार नाही. देखभाल फार.

अध्यक्ष गाडीतून उतरताना लोक बघतात. म्हणजे गाडीही संघाच्याच कामाची.

११ फेब्रुवारी, पुणे

पहिली ट्रायल. चंदेरी, दोन दारं, जमिनीला टेकलेली. एजंट म्हणाला, सर, तुमचा हात फार स्मूथ आहे. माणसाला कळतं. चालवून आल्यावर उतरता येईना. एजंटनं एक हात धरला, चहावाल्यानं दुसरा. यात गाडीचा दोष नाही. बसायला खोल असणं हेच स्पोर्टी गाडीचं लक्षण. सराव लागेल.

१३ फेब्रुवारी

घरी सराव. पाटावर बसून, पाय लांब करून, हात न टेकता उठायचं. तिसऱ्या वेळी बसलो तर सत्यभामेनं ताट वाढून आणलं. दुपारी दोनदा जेवलो. सराव उद्यापासून.

१८ फेब्रुवारी, पुणे

दुसरी गाडी पिवळी. उत्तम पिकअप. पण हा रंग गावात नेला तर लोक कुणाची हळद म्हणून विचारतील. रद्द.

तिसरी लाल. बटण दाबलं की टप मागं जातो. दोनच सीटा. पोट स्टिअरिंगला लागतं, म्हणजे कंट्रोल चांगला. हायवेला टप काढून चौथ्या गिअरमध्ये दाबली आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. धूळही होती. पण नुसती धूळ नव्हती. इतकं बरं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

हीच.

२१ फेब्रुवारी

परवडण्याचा मुद्दा निकालात काढला. जीप एक्स्चेंजमध्ये दिली. आता दुसरी गाडी हीच पहिली गाडी आहे, हा तांत्रिक भाग. रामकिसनला सांगितलं की स्पोर्ट्स कार मालकानंच चालवायची असते. रडेल असं वाटलं होतं. "बरं हाय, तात्या," म्हणाला आणि फडकं झटकून गेला. या लोकांना भावना नसतात.

२४ फेब्रुवारी, सायंकाळी

लाल गाडी गावात आली. वेशीजवळच्या स्पीडब्रेकरवर पोटात अडकली, पुढची चाकं इकडं, मागची तिकडं. पारावरची माणसं धावत आली आणि मला आत बसवूनच त्यांनी गाडी उचलून पलीकडं ठेवली. हसत होते, टाळ्या वाजवत होते. आजवर गावात कुठल्या पुढाऱ्याला गाडीसकट उचललंय? मोहनरावानं हे बघायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

लाल रंगावर धूळ फार दिसते. एक बादली पाणी घेतलं. नुसती एक. टँकरच्या लायनीतल्या बाया बघत राहिल्या. कौतुकानं. एक बाई काहीतरी बोलली, ते ऐकायच्या लायकीचं नव्हतं. सत्यभामेनं उरलेलं पाणी माझ्या हातातून ओढून गाईपुढं ठेवलं. गाईनं साबणाच्या वासामुळं तोंड फिरवलं. गाईसुद्धा या गावातलीच.

१ मार्च

गाडी जितकी सुंदर, माणसं तितकी क्षुद्र. तालुक्याला जाताना शेजारी संचालक मुंजाजी बसला. मुंजाजी माझा पक्का माणूस, कारण त्याला दुसरं काही सुचत नाही. एवढ्यावरून आप्पारावाचं तोंड वाकडं. तोही माझाच संचालक. चारचौघांत म्हणाला, "आमी काय डिकीत बसाचं का बे?" वयानं मी मोठा आहे, हेही विसरला.

डिकी दाखवली. तीत पाण्याची बाटली आडवी मावते. विषय तिथंच संपायला हवा होता.

उपाय: पाळ्या लावायच्या. सोमवारी मुंजाजी, मंगळवारी आप्पाराव, असं. संध्याकाळपर्यंत बाकीचे तिघेही रुसले. सोमवार मुंजाजीलाच का, म्हणून. लोकशाही या लोकांना पेलत नाही.

५ मार्च

निवडीआधी आपापले संचालक सहलीला न्यायची पद्धत आहे. लांब न्यायचे, खाऊपिऊ घालायचे, मोबाईल बंद ठेवायला लावायचे आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहात आणून सोडायचे. नाहीतर समोरचा उचलतो. गुरंसुद्धा बाजारात एवढी जपून नेत नाहीत.

मी महाबळेश्वर ठरवलंय. पाच जण न्यायचे, सीट एक.

सत्यभामा म्हणाली, भाड्यानं जीप करा. लाल गाडी दारात असताना अध्यक्ष भाड्याच्या जीपमधून जाणार? मार्ग मी काढलाच. मुंजाजी माझ्याबरोबर, बाकीचे चौघे एसटीनं. मध्ये एकदा एसटी बदलायची, बस्स. तिकिटाचे पैसेही दिले. आप्पारावानं नोटा खिशात घातल्या आणि "लई उपकार झाले" म्हणाला. कसा का होईना, वळणावर आला.

८ मार्च, सकाळी

निघालो. चौघं स्टँडवर दिसले नाहीत, आधीच्या गाडीनं गेले असणार. उत्साह आहे. नाक्यावर एक जीप भरधाव उलट दिशेनं गेली. ओळखीची वाटली. चालवणारा तोंडानं बैल हाकल्यासारखे आवाज काढत होता, हा निव्वळ योगायोग.

९ मार्च, महाबळेश्वर

पसरणी घाटात टप उघडा ठेवला. प्रत्येक वळण असं घेतलं की पुण्याचा एजंट असता तर पाया पडला असता. मुंजाजीची टोपी दरीत गेली. "थांबा तात्या, टोपी!" असं ओरडला, पण चढाला लय तोडता येत नाही. नंतर त्याला दोनदा ओकारी झाली, दोन्ही वेळा बाहेर. तेवढं वळण त्याला आहे.

चौघं अजून पोचले नाहीत. एसटीचा कारभार.

१० मार्च

चौघं नाहीत. मोबाईल बंद. म्हणजे मीच शिकवलेली शिस्त पाळताहेत.

मुंजाजी डोक्याला टॉवेल बांधून खोलीत बसलाय. स्ट्रॉबेरी दिली, आंबट म्हणाला. शेवटी त्यानंच तोंड उघडलं. त्याच्या मेव्हण्यानं त्याला फोनवर सांगितलंय: चौघंही मोहनरावाबरोबर गणपतीपुळ्याला आहेत. जीप आपलीच. एजंटनं ती मोहनरावाला विकली, रामकिसनही तिकडंच लागला. नऊ सीटा आहेत, "पाय लांब करून झोपत गेलते," म्हणे.

हे आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाला, "तुमी गाडीचंच बोलत हुते, तात्या. मधी जागाच न्हवती."

माझा अंदाज: चौघं मोहनरावाला गाफील ठेवताहेत. त्याचं खातील आणि मला मत देतील. आप्पाराव एवढा हुशार असेल असं वाटलं नव्हतं.

१२ मार्च, मंगळवार

वेळेवर पोचलो. मोहनरावाची माणसं जीपमधून उतरली, उन्हानं रापलेली, ताजी, समुद्राचे शंख खिशात. आप्पारावानं माझ्याकडं बघितलं नाही. ॲक्टिंग असावी, असं त्या क्षणापर्यंत वाटत होतं.

निवडणूक अधिकाऱ्यानं माझं नाव पुकारलं. सूचक कोण? मुंजाजीनं हात वर केला. अनुमोदक कोण?

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं. कुणीतरी नाक शिंकरलं. मी म्हणालो, मीच अनुमोदन देतो. अधिकारी म्हणाले, स्वतःला देता येत नाही, आणखी एक माणूस लागतो. मुंजाजीनं दुसराही हात वर केला. त्याचा हेतू चांगला होता. अख्खं सभागृह हसलं.

मोहनराव बिनविरोध. मतदानच झालं नाही, म्हणजे मी हरलो असं कायद्यानं म्हणता येत नाही.

मग अभिनंदनाचा ठराव आला. मोहनरावानं माईकला फुंकर मारली आणि म्हणाला, याला तात्यांनीच अनुमोदन द्यावं, ज्येष्ठ आहेत. सगळे वळून बघायला लागले. मी उठलो. दिलं. टाळ्या माझ्याच वाक्याला जास्त पडल्या.

मुंजाजी परत जाताना जीपमध्ये बसला. पाठ दुखतीय म्हणाला.

रात्री सत्यभामेनं भाकरी केली. ताट ठेवलं आणि गोठ्यात गेली. ती भांडली असती तर मला शंभर उत्तरं तयार होती. लाज वाटली. बाकी काही लिहीत नाही.

१६ मार्च

छावणी मोहनरावाच्या गावाला, तलवाड्याला गेली. कडबा काल संपला. दोन्ही गाई शेजाऱ्याच्या जनावरांबरोबर पहाटेच चालत पुढं गेल्या. कालवडीला तेवढं चालवेना. सत्यभामेनं तिला उचललं आणि लाल गाडीच्या दुसऱ्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसली. या गाडीत ती पहिल्यांदाच बसली. टप उघडाच ठेवायला सांगितला, कालवड घाबरू नये म्हणून. तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. सीटवर काय काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही.

छावणीच्या फाटकावर नवा पोरगेला गडी होता, मला ओळखत नव्हता. जनावरं किती, म्हणाला. सत्यभामा म्हणाली, "दोन मोठी पुढं आल्यात. येक बारकं ह्ये." मग त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. ह्ये कोण?

सत्यभामेनं माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाली, "ड्रायवर हाय."

"ड्रायवरला आत सोडत न्हाईत," गडी म्हणाला. "गाडी तिकडं लावा."

ती कालवड घेऊन आत गेली. मी गाडी टँकरच्या मागं लावली. उतरायचं होतं, पण हात द्यायला कुणी नव्हतं, म्हणून बसून राहिलो.