चेहरा बघायची गरज नाही

मंगळवार, ७ जानेवारी
केदारने पुन्हा मोतीबिंदूचं काढलं. वर्ष झालं, पोरगा मागे लागलाय. पिकलाय म्हणे, आता ऑपरेशन करूच. मी साफ नाही म्हणालो. रमा नुसती बघत बसली. बायकोच ती, माझ्या बाजूने काय बोलणार!
तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. स्टँडवर माणूस आला की लांबूनच चालीवरून ओळखायचो. चेहरा लागतोच कशाला? उद्यापासून रोज वडीगोद्री फाट्यावर बसून प्रॅक्टिस. आठ दिवसांत केदारचं तोंड बंद.

बुधवार, ८ जानेवारी. सायं. ५
झपझप चाल, डावा खांदा पुढे. कडूबा! हाक मारली. कडूबाच. ऑपरेशन कॅन्सल समजावं.

शुक्रवार, १० जानेवारी
साहेबराव दिसला म्हणून मिठी मारली. ते महेमूदभाई निघाले. म्हणाले, बिलकुल बराबर हाये मालक, फक्त साहेबरावला जाऊन साल झालं.
महेमूदभाईंनी नवे बूट घातले होते. त्याने चाल बदलते.

रविवार, १२ जानेवारी. सकाळी
भिवा येताना दिसला. संथ, मान हलवत. या, चहा घ्या म्हटलं. म्हैस होती. हॉटेलवाला अजून हसतोय.
धुकं होतं. शिवाय भिवा तसाच चालतो.
कंटाळा आलाय. तरी माघार नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत
देवळातून बायका वाण घेऊन परतत होत्या. सगळ्यांच्या मागे एक म्हातारी, भिंत धरत, पाय ओढत. जीव कळवळला. उठून विचारलं, आजी, कुणाच्या घरच्या? एवढं दुखतंय, घरात कुणी बघत नाही का?
तुमच्याच घरची, म्हणाली. रमा.
गुडघा पावसाळ्यापासून दुखून राह्यलाय म्हणे. आधी तुमचे डोळे होऊ द्या, मंग माझं सांगावं म्हणलं, म्हणाली. मी वर्षभर नाही म्हणत राहिलो आणि ती थांबून राहिली.
चेहरा दिसला नाही, तो मोतीबिंदू. पण लंगडणं तर स्वच्छ दिसत होतं. चाळीस वर्षं कुठेही निघालो की मी पुढे, ती मागे. तिची चाल मी पाहिलीच कधी?
केदारला फोन केला. डॉक्टरकडून दोघांच्या तारखा घे म्हटलं, आधी आईची.
घरी येताना तिला पुढे चालायला लावलं. बघवेना.