वकिलाची बायको

ती. आईस,
नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांवर बेतलेल्या लबाड वकिलाच्या त्या विनोदी सिनेमाचं लिखाण मात्र अडलंय. बाबा खोट्या साक्षीदारांकडून आपल्या बैठकीत साक्ष घोकून घ्यायचे, तो प्रसंग वाचून सगळे पोट धरून हसले. पण दिग्दर्शक हटून बसलाय. म्हणतो, "चहा आणणाऱ्या बायकोला काहीच कळत नाही? कोण विश्वास ठेवेल?"

तीन दिवस भांडतेय, डोकं उठलंय नुसतं. माझी आई अशीच भोळी होती, हे त्याला ओरडून सांगितलं.

आज तो प्रसंग पुन्हा लिहायला बसले आणि आठवलं. एक साक्षीदार तारीख चुकला, तेव्हा त्याच्यापुढे कप ठेवत तूच म्हणाली होतीस, "बारा नाही, चौदा."

आता बायकोच्या तोंडी काय घालू, ते तूच कळव.

तुझी,
धाकटी